आनंदमेळ्यातल्या खाद्यस्टॉलचं भाडं: पाच पद्धतींचं परीक्षण

आनंदमेळ्याची तारीख ठरली की समितीच्या बैठकीत खाद्यस्टॉलचा विषय निघतो आणि लगेच प्रश्न येतो, "किती टक्के घ्यायचे?" कोणी दहा म्हणतं, कोणी पंचवीस, आणि तासभर घासाघीस चालते. खरं तर आकडा हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड असतं ते वेगळंच: मैदान रिकामं राहिलं तर तोटा कोणी सोसायचा, आणि स्टॉलवर किती विक्री झाली हे मोजायचं कोणी. भाड्याच्या प्रत्येक पद्धतीत या दोन प्रश्नांचं उत्तर वेगळं असतं, आणि समितीकडे मोजायला माणसं किती आहेत यावर कोणती पद्धत झेपेल ते ठरतं. ठोक भाडं, निव्वळ टक्केवारी, कूपन, 'किमान किंवा टक्के' आणि ऐच्छिक देणगी अशा पाच पद्धतींचं हे परीक्षण आहे.

खालचं सगळं गणित चलनात न मांडता प्लेटमध्ये मांडलं आहे. '२० प्लेट भाडं' म्हणजे त्या स्टॉलच्या साधारण २० प्लेटची विक्रीकिंमत. समितीनेही बैठकीत असंच मोजावं. रकमेचा आकडा ऐकून तो जास्त की कमी हे कळत नाही. २० प्लेट म्हटलं की स्टॉलवाल्याचा पहिला पाऊण तास कोणासाठी जाणार आहे ते लगेच दिसतं.

आधी स्टॉल किती ते ठरवा

भाड्याआधी स्टॉलची संख्या ठरवावी लागते, कारण चुकीच्या संख्येवर कोणतीही पद्धत बसत नाही. समजा सहा तासांच्या मेळ्याला १००० माणसं येतील असा अंदाज आहे. त्यातली ६०० एकेक प्लेट घेतील. खाणं सहा तासांत सारखं वाटलं जात नाही. निम्म्या प्लेट जेवणाच्या वेळेच्या दोन तासांत जातात. म्हणजे त्या दोन तासांत ३०० प्लेट, तासाला १५०. दोन माणसांचा, गरम पदार्थ समोर तयार करून देणारा स्टॉल तासाला ५० प्लेट देऊ शकला तरी चांगला म्हणायचा. म्हणजे किमान तीन स्टॉल हवेत, आणि एखाद्याचा गॅस संपला, मशीन बंद पडलं, तर हाताशी चौथा.

चार स्टॉलमध्ये ६०० प्लेट म्हणजे प्रत्येकी १५०. भाडं २० प्लेट ठेवलं तर ते विक्रीच्या सुमारे १३ टक्के पडतं. आता समितीला मोह होतो: अर्ज जास्त आले आहेत, सात स्टॉल घेऊ, भाडं जास्त जमेल. खाणारी माणसं मात्र तेवढीच असतात. सात स्टॉलला प्रत्येकी ८५ प्लेट येतात आणि तेच २० प्लेटचं भाडं २३ टक्क्यांवर जातं. दर न वाढवता समितीने भाडं जवळजवळ पावणेदोनपट केलं, हे बैठकीत कोणाच्याच लक्षात येत नाही. स्टॉलवाल्याच्या लक्षात मात्र त्याच रात्री येतं, आणि पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही.

स्टॉलवाल्याकडे द्यायला किती असतं हेही माहीत असावं. ढोबळमानाने विक्रीतला तिसरा हिस्सा कच्च्या मालात जातो. माणसांची मजुरी, वाहतूक, गॅस, प्लेट-चमचे आणि उरून फेकावा लागणारा माल यांत जवळजवळ तेवढाच आणखी. राहिलेल्या तिसऱ्या हिश्श्यातून भाडं निघतं. म्हणजे १५ टक्के ऐकायला किरकोळ वाटले तरी ते त्याच्या शिल्लकीच्या जवळजवळ निम्मे असतात. मग तो दर वाढवतो. हातात तेवढेच पैसे राहावेत म्हणून १० टक्के भाड्याला दर ११ टक्क्यांनी वाढवावे लागतात, १५ टक्क्यांना साधारण १८ टक्क्यांनी आणि २० टक्क्यांना पुऱ्या २५ टक्क्यांनी. "एवढं महाग का?" ही येणाऱ्यांची तक्रार बऱ्याचदा समितीच्याच भाड्याची असते. दर वाढवता आले नाहीत तर प्लेटमधलं माप कमी होतं.

ठोक भाडं

सगळ्यात जुनी आणि हिशेबाला सगळ्यात सोपी पद्धत. जागा घ्या, ठरलेली रक्कम आगाऊ भरा, विक्री तुमची. समितीला रात्री काही मोजायचं नसतं, खजिनदाराला बजेट आधीच कळतं, आणि स्टॉलवाल्याच्या गल्ल्यात कोणी डोकावत नाही. ५०० पेक्षा कमी माणसांच्या, पहिल्यांदाच होणाऱ्या किंवा पाच-सहा स्वयंसेवकांवर चालणाऱ्या मेळ्याला हीच पद्धत घ्यावी. अपेक्षित विक्रीच्या १० टक्क्यांच्या आसपास भाडं ठेवलं की सहसा कोणी कुरकुरत नाही.

खोट एकच, पण मोठी: गर्दी न जमण्याची सगळी जोखीम स्टॉलवाल्यावर जाते. वरच्याच उदाहरणात पाऊस आला आणि १००० ऐवजी ४०० माणसं आली, तर चार स्टॉलला प्रत्येकी ६० प्लेट. २० प्लेट भाडं म्हणजे विक्रीचा तिसरा हिस्सा, म्हणजे त्याची सगळी शिल्लक गेली. म्हणून अनुभवी स्टॉलवाला ठोक भाडं ऐकलं की विचारतो, "गेल्या वर्षी किती माणसं आली होती?" या प्रश्नाला फुगवलेलं उत्तर देणं ही समित्यांची जुनी खोड आहे. मेळ्याचे पाहुणे आणि खाणारे पाहुणे हे वेगळे आकडे आहेत, दोन्ही सांगा. गेल्या वर्षी तिकीट किंवा नोंद नसेल तर तसं सांगून भाडं खाली ठेवा.

दुसरी अडचण लवकर दिसत नाही. भाडं भरून झालं की स्टॉल किती वाजेपर्यंत चालू राहतो याच्याशी समितीचा पैशाचा संबंध उरत नाही. संध्याकाळी सात वाजता माल संपला म्हणून दोन स्टॉल आवरले जातात आणि उरलेल्या दोघांपुढे चाळीस माणसांची रांग लागते. त्यामुळे ठोक भाड्याच्या करारात बंद करण्याची वेळ आणि किमान किती प्लेटचा माल आणायचा हे दोन्ही लिहून घ्यावं लागतं.

जागेचं माप सांगतानाही घोळ होतो. ३ मीटर बाय ३ मीटर हे तंबूच्या स्टॉलचं नेहमीचं माप. खाद्यगाडी असेल तर नुसती गाडीची लांबी विचारून भागत नाही: ओढायचा दांडा, बाजूला उघडणारी खिडकी, मागची पायरी आणि जनरेटर धरून माप घ्या. सहा मीटरची गाडी प्रत्यक्षात आठ मीटर अडवते, आणि मग शेजारचा स्टॉल सरकवताना भाड्याची भांडणं सुरू होतात.

निव्वळ टक्केवारी

कागदावर ही सगळ्यात न्याय्य पद्धत. विक्री झाली तर भाडं, नाही तर नाही; पावसाचा फटका दोघांनाही. नवखे आणि छोटे विक्रेते या अटीवर सहज येतात. जेवणाच्या पदार्थांना १० ते १५ टक्के आणि पेयांना २० ते २५ टक्के असा फरक ठेवण्याची पद्धत रास्त आहे, कारण पेयांत कच्च्या मालाचा वाटा कमी असतो. (बऱ्याच समित्या पेयांचा स्टॉल कोणाला न देता स्वतःच चालवतात, आणि ते शहाणपणाचं आहे. पिण्याचं पाणी मात्र फुकट आणि सहज दिसेल अशा जागी हवं.)

प्रत्यक्षात ही पद्धत मोजणीपाशी अडते. रात्री दहा वाजता खजिनदार विचारतो, "विक्री किती झाली?" आणि जो आकडा सांगितला जाईल तो लिहून घेतो. प्रत्येक स्टॉलवाला खोटं बोलतो असं मुळीच नाही. पण मोजणी नसेल तर खरं सांगणारा जास्त भाडं भरतो आणि कमी सांगणारा कमी. दोन वर्षांत ही गोष्ट सगळ्यांना कळते. मग सगळेच कमी सांगतात.

आकडा पडताळण्याचा साधा मार्ग म्हणजे प्लेटची मोजणी. सुरुवातीला स्टॉलवर प्लेटची किती बंद पाकिटं आहेत ते दोघांच्या सहीने लिहायचं, शेवटी उरलेली मोजायची. ५० च्या सहा पाकिटांपैकी ११० प्लेट उरल्या तर १९० वापरल्या. त्यातल्या फाटलेल्या, सांडलेल्या आणि स्टॉलवरच्या माणसांनी खाल्लेल्या म्हणून ५ ते ८ टक्के सोडल्या की विक्री १७५ ते १८० प्लेटच्या दरम्यान यायला हवी. सांगितलेला आकडा १२० असेल तर शांतपणे पुन्हा मोजणी मागता येते. याहून चांगलं म्हणजे सगळ्या स्टॉलना प्लेट आणि कप समितीनेच द्यावेत. मोजणी आपोआप होते आणि कचरा एकाच प्रकारचा निघतो. एका पदार्थाला दोन प्लेट लागत असतील किंवा नुसत्या कागदात गुंडाळून देत असतील तर हा उपाय चालत नाही, ते आधी पाहून घ्या.

कार्डमशीनचा किंवा क्यूआरचा अहवाल पुरेसा आहे असं समजणं हा नेहमीचा गैरसमज. अहवालात रोकड नसते. शिवाय तेच मशीन सकाळी दुसऱ्या ठिकाणी वापरलेलं असू शकतं, म्हणून दिवसाचा एकूण आकडा न घेता मेळ्याच्या तासांचे व्यवहार पाहावे लागतात. स्टॉलवर लावलेल्या क्यूआरशिवाय दुसऱ्या फोनवर पैसे घेतले जात असतील तर ते कुठेच दिसत नाहीत. समितीने आपलंच मशीन सगळ्या स्टॉलना देण्याचा पर्यायही आहे, पण मग सगळी विक्री समितीच्या खात्यात येते. पैसे जमा व्हायला लागणारा वेळ, मशीनचं कमिशन कोणाच्या वाट्यातून कापायचं, आणि खात्यातून गेलेली एवढी रक्कम कागदोपत्री कोणाचं उत्पन्न धरायचं, हे तिन्ही प्रश्न हिशेबनिसाला आधी विचारून घ्यावे लागतात. मेळ्यानंतर विचारले तर उत्तर महाग पडतं.

टक्केवारी कशावर, हे एका वाक्यात लिहिलेलं हवं: विक्रीकर वगळून, परत दिलेले पैसे वगळून, बक्षिशी वगळून उरलेल्या विक्रीवर. 'नफ्यावर टक्केवारी' असं कधीही लिहू नका. नफा किती हे एका रात्रीत ठरवता येत नाही.

मोजायला प्रत्येक दोन स्टॉलमागे एक भरवशाचा माणूस मिळत असेल तरच ही पद्धत घ्यावी. नसेल तर समिती भांडणं विकत घेते.

कूपन

मोजणीचा प्रश्न मुळातून सोडवणारी पद्धत. येणारा माणूस समितीच्या खिडकीवर पैसे देऊन कूपनं घेतो, स्टॉलवर कूपनं देऊन खातो, आणि रात्री स्टॉलवाला जमलेली कूपनं समितीला देतो; समिती आपला वाटा कापून उरलेले पैसे त्याला देते. स्टॉलवर रोकड नसते, सुट्ट्यांची चणचण नसते, पैसे हाताळणारा हात अन्नाला लागत नाही. विक्रीचा आकडा वादातीत. नीट चालवली तर याला तोड नाही. आणि नीट चालवणारी समिती विरळा.

खिडक्या कमी पडणं ही पहिली ठोकर. एका व्यवहाराला २५ सेकंद धरले तर एक खिडकी तासाला १४४ व्यवहार करते. १००० माणसं तिघा-तिघांच्या गटाने आली आणि प्रत्येक गटाने दोनदा कूपनं घेतली, तर सुमारे ६७० व्यवहार. त्यातले निम्मे गर्दीच्या दोन तासांत, म्हणजे तासाला १६५ ते १७०. एक खिडकी पुरत नाही, दोन लागतात. कोणी चहाला उठलं की तिसरीही लागते. कूपनाच्या रांगेला कंटाळून माणूस न खाता परत गेला तर नुकसान समितीचं आणि स्टॉलवाल्याचं, दोघांचंही. दहा कूपनांची तयार पुस्तिका ठेवली आणि गर्दीच्या वेळी एक खिडकी फक्त पुस्तिकांसाठी राखली की रांग भराभर हलते.

कूपनाचं मूल्य ठरवताना सगळ्या स्टॉलचे दर समोर घ्या आणि सगळ्या दरांना भाग जाईल असं सगळ्यात मोठं मूल्य निवडा. दर आधी ठरवून मग कूपन छापायचं, उलट नाही. साडेतीन कूपनांचा पदार्थ निघाला की स्टॉलवर पुन्हा सुट्टे पैसे सुरू होतात आणि पद्धतीचा पायाच जातो.

प्रत्येक कूपनावर अनुक्रमांक हवा. अपेक्षित विक्रीच्या दीडपट छपाई करावी. रात्री आठ वाजता कूपनं संपली तर खिडकीवरचा माणूस वापरलेली कूपनं स्टॉलवरून आणून पुन्हा विकायला लागतो, आणि त्या क्षणी सगळा हिशेब मोडतो. वापरलेलं कूपन स्टॉलवर लगेच कोपरा फाडून बंद डब्यात टाकायचं, टेबलावर ढीग करायचा नाही. रात्रीचा ताळा असा: विकलेली कूपनं म्हणजे स्टॉलकडून आलेली, अधिक परत घेतलेली, अधिक लोकांच्या खिशात राहिलेली. स्टॉलकडून आलेली आणि परत घेतलेली मिळून विकलेल्यांपेक्षा जास्त भरली, तर कूपनं दुसऱ्यांदा वापरली गेली आहेत किंवा नकली आहेत. खिशात राहिलेल्या कूपनांचे पैसे कोणाचे, हे आधी जाहीर करा. शेवटचा अर्धा तास परतफेडीची खिडकी उघडी ठेवली आणि तसं कूपनावरच छापलं तर तक्रार उरत नाही. परतफेड नाकारून चार पैसे वाचवणाऱ्या समितीचं नाव वर्षभर निघतं.

हजारो कूपनं हाताने मोजायला मध्यरात्र होते. ती वजनावर मोजता येतात, पण नमुना नीट घ्यावा लागतो. ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या) कागदाचं ५ बाय साडेसात सेंटिमीटरचं कूपन सुमारे ०.३ ग्रॅम भरतं. शंभर कूपनं ३० ग्रॅम; स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर एवढ्यातच तीन टक्क्यांपर्यंत चूक होऊ शकते. म्हणून ५०० कूपनं हाताने मोजून त्यांचं वजन घ्यायचं आणि त्यावरून बाकीच्या ढिगाचं काढायचं. तेलकट आणि ओली कूपनं वेगळी काढून हातानेच मोजायची, नाहीतर तळणाच्या स्टॉलची विक्री उगाच फुगते.

१५०० माणसांच्या वरचा मेळा आणि खिडकीवर बसणारी सहा-सात शिस्तीची माणसं असतील तर या पद्धतीला पाचपैकी साडेचार गुण. एरवी पाचपैकी दोन.

किमान किंवा टक्के

"१० प्लेट किंवा विक्रीच्या १२ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते." मधल्या आकाराच्या मेळ्याला ही आमची पहिली पसंती. किमान रक्कम आगाऊ घ्यायची, टक्केवारीचा फरक रात्री. १० प्लेटला १२ टक्क्यांनी, म्हणजे ०.१२ ने, भाग दिला की सुमारे ८३ प्लेट येतात. विक्री त्याच्या आत राहिली तर स्टॉलवाला किमान भरतो, वर गेली तर टक्के. १५० प्लेटच्या दिवशी भाडं १८ प्लेट. पावसाच्या ६० प्लेटच्या दिवशी १० प्लेट, म्हणजे साधारण १७ टक्के: झळ बसते, पण माणूस बुडत नाही. समितीचा मंडप-विजेचा खर्च किमान रकमेतून निघतो, आणि मोजणीत थोडी गळती झाली तरी ती मर्यादेत राहते.

करारात एका शब्दाने गडबड होते. 'किंवा' च्या जागी 'आणि' पडलं तर तेच भाडं १५० प्लेटच्या दिवशी २८ प्लेट होतं, जवळजवळ १९ टक्के. तोंडी बोलताना दोघांच्याही मनात वेगवेगळा अर्थ असू शकतो. म्हणून करारात एक भरलेलं उदाहरण लिहाच: एवढी विक्री झाली तर एवढं भाडं, आणि शेजारी दोघांच्या सह्या.

याचंच एक सौम्य रूप म्हणजे १० प्लेट किमान आणि १०० प्लेटच्या पुढच्या विक्रीवर १५ टक्के. १५० प्लेटला साडेसतरा प्लेट, म्हणजे भाडं जवळपास तेवढंच. पण पहिल्या १०० प्लेट 'माझ्या' आहेत ही भावना स्टॉलवाल्याला पटते, आणि १०० च्या आत विक्री झाली तर मोजणीचा वादच येत नाही.

ऐच्छिक देणगी

"तुम्हाला वाटेल तेवढं द्या." सुरुवातीला सगळे खूश, शेवटी कोणीच नाही. उदार माणूस आपण जास्त दिले म्हणून खट्टू होतो, हात आखडणारा पुढच्या वर्षीही पहिल्या रांगेत जागा मागतो. घरगुती पदार्थ करून विकणाऱ्या किंवा एखाद्या कामासाठी निधी जमवणाऱ्या गटांना सवलत द्यायची असेल तर सरळ निम्मं ठोक भाडं ठेवा आणि सवलतीचा निकष अर्जावर छापा. कोणाशी खासगीत वेगळा दर ठरवू नका. स्टॉलवाले सामान लावताना एकमेकांना भाडं विचारतातच.

भाड्याच्या बाहेरचे पैसे

अनामत आणि भाडं एकाच पावतीत घेऊ नका. अनामत साफसफाई, जागेची नासधूस आणि वेळेआधी स्टॉल आवरणं यांसाठी. भाड्याच्या निम्म्याच्या आसपास पुरते. कोणत्या कारणाला किती कापणार हे आधी लिहा. वापरलेलं तेल गटारात ओतलं तर पूर्ण अनामत जप्त, एवढी एक अट तरी ठळक हवी. परत करायची तर तीन दिवसांत करा. महिनाभर रखडवलेली अनामत पुढच्या वर्षीच्या अर्जांवर परिणाम करते.

विजेचे पैसे खर्चाइतकेच घ्यावेत, त्यावर कमाई करू नये. महाग वीज टाळायला स्टॉलवाला स्वतःचा जनरेटर आणतो आणि धूर-आवाज सगळ्यांच्या वाट्याला येतो. अर्जात 'वीज हवी का' असं न विचारता कोणती उपकरणं आणि प्रत्येक किती वॉटचं हे विचारा. २३० व्होल्टच्या जोडणीवर १६ अँपिअरचा एक सॉकेट म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. तळणीचं ३ किलोवॉटचं यंत्र त्यावर चालतं. शेजारी २ किलोवॉटची किटली लावली की फ्यूज जातो, आणि तो नेमका गर्दीच्या वेळी जातो, कारण तेव्हाच दोन्ही एकदम चालतात. जनरेटर भाड्याने घेत असाल तर केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेच्या) आकड्याला ०.८ ने गुणून किलोवॉट काढा आणि त्याच्याही ८० टक्क्यांवर थांबा: १५ केव्हीए म्हणजे १२ किलोवॉट, त्यातले साडेनऊ वाटायचे. दर तीन टप्प्यांत ठेवले की पुरे: वीज नको, फक्त दिवे म्हणजे ५०० वॉटपर्यंत, आणि एक पूर्ण सॉकेट.

एका पदार्थाचा एकच स्टॉल हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे मागणं योग्य आहे, पण पदार्थ नेमका लिहून. 'थंड पदार्थ' असं लिहिलं की आइस्क्रीमवाला सरबतवाल्याशी भांडतो. मोक्याच्या जागेचे जादा पैसे मात्र घेऊ नयेत. प्रवेशद्वाराजवळची जागा मोक्याची वाटते, पण आत येताना लोक थांबत नाहीत. बसायच्या टेबलांजवळची जागा जास्त चालते. चिठ्ठ्या टाकून जागा द्या, फक्त धूर करणारे स्टॉल वारा जिकडे वाहत जातो त्या टोकाला ठेवून.

स्वयंसेवकांच्या जेवणाची कूपनं वेगळ्या रंगाची असावीत, स्टॉलवाल्याला त्यांचे ठरलेल्या सवलतीच्या दराने पैसे द्यावेत आणि ती भाड्याच्या टक्केवारीतून वगळावीत. 'आमच्या माणसांना फुकट द्या' ही तोंडी अपेक्षा म्हणजे न सांगितलेलं भाडंच.

रद्द झालं तर

अर्जासोबत निम्मं भाडं, मेळ्याआधी १५ दिवस उरलेलं. स्टॉलवाल्याने ३० दिवस आधी कळवलं तर सगळे पैसे परत, १५ दिवस आधी निम्मे, त्यानंतर काही नाही. जागा दुसऱ्याला गेली तर मात्र परत. समितीनेच मेळा रद्द केला तर पूर्ण परत. पावसाचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजेपर्यंत, हे करारात हवं, आणि ती वेळ आदल्या दिवशी सकाळची असावी. दुपारनंतर भाज्या चिरून, पीठ भिजवून झालेलं असतं; रात्री रद्द केलं तर भाडं परत देऊनही त्याचा माल वाया जातो. मेळा सुरू होऊन अर्ध्यात बंद पडला तर ठोक भाड्यातले उरलेल्या तासांचे पैसे परत, टक्केवारी झालेल्या विक्रीवर.

करार एका पानाचा पुरतो. त्यात जागेचं माप, सामान लावायची आणि आवरायची वेळ, पदार्थ आणि त्यांचे दर (मेळ्याच्या दिवशी न बदलणारे), भाडं आणि त्याचं उदाहरण, वीज, अनामत, रद्द करण्याच्या अटी. सोबत खाद्यपरवान्याची आणि विम्याची प्रत. तळण करणाऱ्याकडे तेलाच्या आगीसाठीचा वेट केमिकल प्रकारचा अग्निशामक आहे का ते सामान लावतानाच पाहायचं. पेटत्या तेलावर पाणी मारलं की आग उसळते. गॅसची टाकी उभी, बाहेरच्या बाजूला, लोकांच्या वाटेपासून दूर.

रात्रीचा हिशेब एका ठरलेल्या टेबलावर, समितीची दोन माणसं आणि स्टॉलवाला समोर बसून. मोजलेला आकडा, कापलेलं भाडं, देणं किंवा येणं, तिघांच्या सह्या आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातात. रोकड तिथेच वाटू नका. थकलेल्या माणसांच्या मोजणीत चुका होतात आणि मैदानात तोवर अंधार झालेला असतो. पैसे तीन दिवसांत बँकेतून. ज्याचा आकडा जुळत नाही त्याची कूपनं किंवा प्लेटची पाकिटं सीलबंद करून सकाळी त्याच्यासमोर पुन्हा मोजा.